उजव्या पायाचा अंगठा

आमच्या विमलाला शुगर आहे हे भांडुपच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. कुणाकडे गेली की "चहा बिनसाखरेचा हं" असं ठणकावून सांगते आणि मग बशीतली बर्फी निमूटपणे उचलते. गोळ्या मात्र वेळेवर घेते, त्यात बोट ठेवायला जागा नाही. दगा दिला तो पायांनी.

एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या लादीवर मला लाल ठिपके दिसले. कुंकू सांडलं असेल म्हणून वाकून बघितलं तर रक्त. विमलाला खुर्चीत बसवलं. उजव्या अंगठ्याखाली करवंटीची कपची रुतली होती. नारळ सकाळी फोडला होता. दिवसभर ही बाई ती कपची पायात घेऊन घरभर फिरत होती.

"दुखलं नाही?"

"नाही हो. म्हणजे फार लागलं नसणार."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, पट्टी बांधली. मग विमलाला डोळे मिटायला सांगून एक ताठ नायलॉनचा दोरा घेतला. "तळव्याला लागला की सांगा." विमला शाळेतल्या हुशार मुलीसारखी लगेच म्हणाली, "लागला." दोरा अजून हवेतच होता. नंतर तो खरंच तळव्यावर टेकला, वाकलासुद्धा, आणि ही आपली शांतपणे वाट बघत बसलेली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका. तुमच्या पायांनी सांगणंच सोडलंय. आता रोज कुणीतरी तळवे नीट बघायचे. घरातही चप्पल घालायची. जखम चिघळली तर अंगठा जाईल."

चपलेवरून घरी तंटा झालाच, कारण देव्हारा स्वयंपाकघरात. घरात वापरायला कोरा जोड आणला तेव्हा कुठे देवांची हरकत मिटली. पण तळवे कोण बघणार? हिचे गुडघे वाकत नाहीत. खाली आरसा ठेवला तर त्यात हिला धुरकट दिसतं.

"मी बघतो," मी म्हटलं.

"नवऱ्यान बायकोच्या पायाक हात लावूचो? माका नरकात धाडूचा आसा काय?" रागावली की हिचं सगळं मालवण बाहेर येतं. "श्रुतिका येईल रविवारी. ती बघेल."

श्रुतिका आमची लेक, कांदिवलीला असते. रविवारपर्यंत विमला स्वतःच चाचपडत पट्टी बदलत राहिली आणि मी विचारलं की म्हणायची, "बरं झालंय, दुखत नाही." दुखत नाही म्हणजे काय ते बाईंनी इतकं समजावलं होतं, पण आयुष्यभराची सवय अशी जाते थोडीच? आणि मीही तिच्या पापापुण्यापुढे हात टेकले होते.

रविवारी श्रुतिकाने पट्टी सोडली आणि मला हाक मारली. अंगठा सुजून जांभळा पडला होता. तसंच दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. "दोन दिवस बघू," बाई म्हणाल्या. "उतार पडला नाही तर कापावा लागेल."

घरी आल्यावर विमला पलंगाच्या कडेला बसून रडली. मी स्टूल ओढलं, टॉर्च घेतला. तिने पाय मागे घेतला.

"सप्तपदीला हाच अंगठा धरून मी तुला तांदळाच्या राशींवर चालवलं होतं ना?" मी म्हटलं. "भटजींसमोर. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं पाप?"

"तेव्हा तुम्ही नवरदेव होता," ती नाक ओढत म्हणाली. "देवाला चालतं."

"आणि आता?"

"आता नुसते नंदू."

"मग नंदूला बघू दे. देव काही टॉर्च घेऊन यायचा नाही."

रडता रडता तिला हसू आलं. तिने पाय पुढे केला नाही, पण मागेही घेतला नाही. मीच तो उचलून मांडीवर घेतला. एवढा संसार झाला, पण बायकोचा तळवा मी कधी पाहिलाच नव्हता. भेगाळलेला, टाचेला घट्टे पडलेले. मला तिची फार माया आली.

अंगठा वाचला. नख गेलं, बरं व्हायला फार दिवस लागले, पण वाचला. दिवेलागण झाली की आता मी टॉर्च घेऊन बसतो. बोटांच्या बेचक्यासुद्धा बघतो. सुरुवातीला बघून झालं की ती कण्हत उठायची आणि मला वाकून नमस्कार करायची, पाप फिटावं म्हणून. मी रागवायचो, ती ऐकायची नाही. आणि अंगठ्यावर बोट ठेवून "कळतंय का गं?" विचारलं की हमखास "हो" म्हणायची. मला बरं वाटावं म्हणून. मी बोट उचललेलं असलं तरी "हो"च.

काल तसंच विचारलं. डोळे मिटून ती बराच वेळ बसली.

"नाही कळत," ती म्हणाली. "तुम्ही नीट बघा."

आणि दुसरा पायही तिने आपण होऊन माझ्या मांडीवर ठेवला.