हसऱ्या तोंडावर बोट

जामसंड्यात पुष्कर सरांचे मनशुद्धी संगणक केंद्र उघडून महिना झाला नाही, तोच दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. चपला काढा असे कोणी सांगितले नव्हते. पण आत संगणक, संगणकासमोर रांग आणि रांगेत नारळ घेऊन उभी काशीबाई, म्हटल्यावर माणूस आपसूक चपला काढतो.

उपचार सोपा होता. पडद्यावर दोन तोंडे येत, एक रागीट, एक हसरे. हसऱ्याला झटपट बोट लावायचे. वीस मिनिटांनी आकडा येई : मन इतके टक्के निरोगी.

"मेंदूला वाईटच बघायची खोड असते," पुष्कर सर माईकवरून सांगत. "ती आम्ही मोडतो. नैराश्य, भीती, दारू, परीक्षेची धास्ती, सगळ्यांवर एकच उपाय. गोळी नाही, सुई नाही. आकडा खोटे बोलत नाही."

आकड्याला बोलावे लागतच नव्हते. ते काम सर करत.

गणित शिकवणाऱ्या कावेरीबाईंना याचे हसू आले असते. पण त्यांचा धाकटा भाऊ दत्ताराम तिसऱ्या खुर्चीवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी तो अंथरुणाला खिळला होता. मनोविकाराच्या डॉक्टरांच्या गोळीने उठला, पुन्हा कलमांच्या बागेत जाऊ लागला. मग इथे आकडा नव्वदवर गेला आणि त्याने गोळी बंद केली. आता आकडा एक्याण्णव होता आणि दत्ताराम पेज अर्धी टाकून उठत होता.

"दत्ता, खरा सांग, तुका बरा वाटता?"

"नाय गो ताये. पण मशीन म्हणता, मी बरो आसंय. म्हणजे माझाच कायतरी चुकता."

या उत्तराची बाईंना फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या आंब्याच्या वखारीत काम करणाऱ्या राधाबाईला घेऊन आल्या. राधाबाईने तीस मोसम आंबे निवडले होते. डागी फळ बाजूला, चांगले पेटीत. संगणकापुढे ती जन्मात बसली नव्हती. पहिल्याच बैठकीला आकडा आला अठ्ठ्याण्णव.

पुष्कर सरांनी माईक उचलला. "बघा, मन किती निर्मळ!"

राधाबाई खुर्चीतच बसून राहिली. "गेल्या मिरगात माझो पोरगो महादू होडयेसकट दर्यात गेलो," ती म्हणाली. "तेव्हापासून माका धड जेवाण जाऊक नाय. रोज रडतंय. मन कसला निर्मळ? डागी सोडूचो, चांगलो उचलूचो, ता मी तीस वर्सा करतंय. हात आपसूक जाता."

सरांनी माईक खाली ठेवला.

"असे अपवाद असतात," सर म्हणाले.

"अपवाद नाही," कावेरीबाई म्हणाल्या. "तुमचा संगणक बोटाची चपळाई मोजतो. रोज केलेले काम रोज थोडे लवकर होते. माझ्या मुलांचे पाढे असेच पाठ होतात, पण पाढे पाठ झाले म्हणून ताप उतरत नाही. असल्या सरावावर शास्त्रज्ञही प्रयोग करतात. पण ते सराव न केलेल्यांशी तुलना करतात आणि माणसाला विचारतात, झोप लागते का, जेवण जाते का. तुम्ही महिनाभरात कुणाला विचारलेत?"

सरांनी वीज गेल्याचे जाहीर केले. डोक्यावर पंखा फिरत होता.

दत्ताराम उठला. "ताये, म्हणजे माझा काय चुकला नाय?"

"नाय रे. तुझा बोट तेवढा हुशार झाला."

तो तिथेच रडला. काशीबाईने संगणकापुढचा नारळ उचलून पिशवीत घातला. आमटीला तरी होईल, म्हणाली.

डॉक्टरांकडे निघालेल्या रिक्षात तिघे होते. राधाबाईलाही बाईंनी सोबत घेतले होते.

देव अंगात आलेला असो की आकडा पडद्यावर, बरे झाल्याचा दाखला कोणी देऊ लागला तर आधी आजाऱ्याला विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी थांबवू नका. राधाबाई जेवते का, हे वर्षभरात कोणीच विचारले नव्हते. त्याला संगणक लागत नाही.