उचल न घेतलेलं वर्ष

सुग्रीव मुकादमाने नोटांचं पुडकं बाजेवर टाकलं. "मोजून घे रं आसाराम. मागल्या सालापरीस जास्तीच हाय."

आसारामने पुडक्याकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. दसरा तोंडावर आला होता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग सहा महिने नवरा-बायकोने साखर कारखान्याला ऊस तोडून ती फेडायची, हा आष्टीकडच्या या गावाचा शिरस्ता. जोडप्याला तिथे नावही नसतं, दोघं मिळून एक 'कोयता'. आसाराम आणि रतनबाईचा कोयता लग्नापासून एकदाही चुकला नव्हता. यंदा तर पावसाने दगा दिलेला, तेल कडाडलेलं आणि गरिबाची ज्वारी गव्हाच्या डोक्यावर जाऊन बसलेली. अशा साली नाही कोण म्हणणार?

"पोरीला कुठं ठिवू?" आसाराम म्हणाला. म्हातारी होती तोवर सत्यभामा आजीजवळ राहून शिकली. आषाढात म्हातारी गेली, आणि पोर आता दहावीला होती.

"आरं, लगीन लावून टाक. एकाचे दोन कोयते हुत्याल. उचल बी दुप्पट!"

आत चहा गाळणाऱ्या रतनबाईचा हात थांबला. कप घेऊन ती बाहेर आली.

"भाऊजी, चा घ्या. अन् पैसे उचला. यंदा आमी येत न्हाई."

"वैनी, खाताल काय?"

"घरात हाय तेच."

घरात होतं, हे गावाला ठाऊक होतं, कारण रतनबाईच्या चिकटपणावर गल्ली पोट धरून हसायची. दळण काढताना ती दर वेळी मूठभर ज्वारी परत कणगीत टाकायची. बोकड विकलं की पैसे नवऱ्याच्या हाती लागायच्या आत बचत गटात. चमडी जाईल पण दमडी जायची नाही, असं शेजारची बायनाबाई तिच्या तोंडावर म्हणायची. खुद्द आसाराम भाकरी उजेडापुढे धरून, "हिच्यातून पलीकडलं गाव दिसतंय," असं म्हणायचा. रतनबाई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच पातळ भाकरी थापायची.

मुकादम उठला. "पाण्याचा टँकर इकत घ्यायची पाळी आली का माझ्याच दारात येशील रं."

ते खोटं नव्हतं. कुणी आजारी पडलं नाही, तर गुढीपाडव्यापर्यंत रेटेल, पुढचं देव जाणे. आसारामने बायकोकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही. तिचं सांगून झालं होतं. आसारामने पुडकं उचललं, क्षणभर हातात धरलं आणि मुकादमाच्या पिशवीत ठेवलं.

"मुकादम, यंदा माझी पोरगी परीक्षेला बसनार हाय."

हे बोलताना आपला आवाज कापला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दिवाळीआधी एका सकाळी गल्लीत ट्रॅक्टर लागले. भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं, सगळं चढलं. बायनाबाईने दाराला कुलूप लावलं आणि ती सरळ रतनबाईकडे आली.

"रतने, ही किल्ली ठिव तुझ्यापाशी."

"माझ्यापाशी कावून?"

"मग कुनापाशी? तुझ्या हातनं काय वाया जातंय व्हय!"

तिच्यामागून चंद्रभागाबाई आली. मग आणखी बायका आल्या. रतनबाई एकेक किल्ली घेऊन पदराला बांधत गेली.

ट्रॅक्टर वळणाआड गेले. ज्यांच्या जोडीने इतकी वर्षं मोळ्या बांधल्या, त्या बायका निघून गेल्या आणि आपण मागे राहिलो, या विचाराने तिला रडू आलं. दारोदार कुलपं होती. शाळेच्या गणवेशातली सत्यभामा उंबऱ्यात वेणी घालत बसली होती.

किल्ल्यांच्या ओझ्याने पदर खांद्यावरून घसरत होता. रतनबाईने तो कमरेला घट्ट खोचला, खराटा घेतला आणि ती बायनाबाईचं अंगण झाडायला लागली.