आईचं फोल्डर

माझं तोंड फटकळ आहे, हे सगळ्या बेलवलीला ठाऊक आहे. याच तोंडाने मी माझ्या आईचा आवाज घालवला.

आमची आई, बनूबाई, धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नांत धवले गाणारी. कागदावर एक ओळ नाही, सगळं पाठ. ती थकली तेव्हा माझ्या धाकट्या भावाची, जितेशची मुलगी अक्षदा महिनाभर तिच्याजवळ बसली आणि तिने बावीस धवले फोनवर रेकॉर्ड केले. गाता गाता आई मध्येच मला झापायची, "म्हेश्या, पंखा बंद कर मेल्या!" तेही त्यात आलं. फोन भरला तसं अक्षदाने सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि फोन रिकामा केला.

घर एकच, खाली जितेश, वर मी. खालचा कॉम्प्युटर वायरने राउटरला जोडलेला, माझा लॅपटॉप वर वायफायवर. अक्षदानेच दोन्ही एकमेकांना जोडून दिले. मी वरून प्रिंट दिली की खाली कागद यायचा आणि जितेशची बायको जिन्यातून ओरडायची, "दादा, तुमचा कागद!" माझ्या स्क्रीनवर 'आई' नावाचं फोल्डर आलं. ते उघडलं की आई गायची. लॅपटॉप माझा, आवाजही त्याच्यातून येतो, म्हणजे गाणी माझ्याकडेच आहेत, असं मी धरून चाललो. कुणाला विचारावं असं कधी वाटलंच नाही.

आई गेली आणि वर्षाच्या आत टाकीच्या पाण्यावरून आम्हा भावांची जुंपली. मी तिरीमिरीत वेगळं वायफाय घेतलं. फोल्डर स्क्रीनवर होतंच. ते उघडून ऐकायचा धीर मात्र होत नव्हता. नाव दिसायचं, तेवढ्यावर भागायचं.

मग एका रविवारी जितेश अर्धा जिना चढून आला. अबोला त्यानेच मोडला.

"दादा, जुना कॉम्प्युटर पुसून देऊन टाकतोय. तुझं काय आहे काय त्यात?"

"माझं सगळं माझ्याकडे आहे. तुझ्या डबड्यातलं काय नको मला."

"आणि आईचे धवले?"

"आहेत माझ्याकडे. आईचं मी बघतो, तू तुझं बघ."

तो आल्या पावली खाली गेला. आपण कसं गप्प केलं, या खुशीत मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा माझ्या तेजस्वीच्या हळदीची तयारी चालली होती. मांडवात आजीचेच धवले लावायचे, असा तिचा हट्ट. तिने फोल्डर उघडायला घेतलं. उघडेना. अर्धा तास खटपट केली आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाबा, यात कधी काही नव्हतंच. इथून फक्त खालचं दिसायचं. गाणी काकांच्या कॉम्प्युटरवर होती."

तो कॉम्प्युटर तर उल्हासनगरच्या बाजारात केव्हाच गेला होता.

दोन वर्षांनी मी भावाच्या दारात उभा राहिलो. जितेश जेवत होता. मी सगळं सांगितलं. त्याचा हात ताटातच राहिला. त्याने चार शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे निदान मोकळं तरी झालो असतो.

"मी पण एक कॉपी ठेवायला पाहिजे होती रे," तो हळूच म्हणाला. "पण तू म्हणालास तुझ्याकडे आहे. नंतर मागायला यायची लाज वाटली. मग मनाशी म्हटलं, तेजूच्या हळदीला दादा लावेलच वर. मला नाही बोलावलं तरी खाली ऐकू येईल."