दोन्ही हात मोकळे

मी एक जुना घडीचा फोन आहे, मित्रांनो. जुना म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. माझी बिजागरी अजून ताठ आहे, आणि मिटताना मी असा काही ‘टक्’ वाजतो की खिडकीतली मांजर कान टवकारते.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे एक यंत्र होते. त्याला दुसरा उद्योगच नव्हता. आमच्यातल्या काही भावंडांना ते उघडायचे आणि मिटायचे, उघडायचे आणि मिटायचे. ती भावंडे बाजाराचे तोंड न पाहता तिथेच झिजली. पण जाताना आम्हा बाकीच्यांना सांगून गेली, की आपली जात वाकते, मोडत नाही.

मला वाटले होते, आता कुणाच्या तरी खिशात बसून गावभर हिंडायचे. पण माझ्या वाट्याला आले दुकानातले काचेचे टेबल. माझ्या पाठीला एक वायर चिकटवली आणि समोर पाटी लावली, ‘हात लावून पाहा’. मी विकायचा फोन नव्हतो, दाखवायचा होतो. माझ्यात सिमकार्ड नव्हते, नंबर नव्हता. फोन असून मला कधी कुणाचा फोन आला नव्हता.

सुरुवातीला काय ती गर्दी! दुकानात एक विक्रेती होती, सगळे तिला ताई म्हणत. ती मला तळहातावर घेऊन म्हणायची,

“मिटला तर मुठीत मावे,
उघडला तर जग दावे!”

आणि लोक खुळ्यासारखे बघत राहायचे. एक आजोबा मला मिटून खूश झाले. “आमच्या वेळी असाच होता. रागाने मिटला की पलीकडच्याला कळायचं, भांडण संपलं! आता काचेवर बोट टेकवून कसला राग काढायचा?” एका गृहस्थांनी मधल्या घडीवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडले. “इथे रेघ लागतेय हाताला.” त्यांची बायको म्हणाली, “रेघा तुमच्या कपाळावर पण आहेत. चालवून घेतेच ना मी?” एकाने तर माझ्या पडद्यावरचे पातळ कातडे नव्या वस्तूवरचे प्लास्टिक समजून नखाने सोलायला घेतले. ताई धावली म्हणून वाचलो.

कौतुक तोंडभर, पण शेवटी सगळ्यांचे एकच पालुपद. “छान आहे हो, पण मोडला म्हणजे?” असे म्हणून लोक मला खाली ठेवत आणि शेजारचा साधा फोन घेऊन जात.

पुढे नवे घडीचे फोन आले. मला टेबलाच्या टोकाला, कव्हरांच्या ढिगाशेजारी सरकवले. पाटी पडली, ती कुणी उचलली नाही. ताई तेवढी मला रोज मऊ फडक्याने पुसायची.

अशाच एका दुपारी मायलेकी दुकानात आल्या. आई शिवणकाम करणारी. गळ्यात टेप तशीच लटकलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती हातांनी बोलायची, भरभर, ठसक्यात. लेकीला ऐकू येत होते आणि आईची बोलीही येत होती. आई लेकीला हाक मारायची ती स्वतःच्या गालावर बोट टेकवून, कारण लेकीच्या गालाला खळी पडायची. तिचे नावच पडले होते खळी.

“ताई, आईसाठी फोन हवाय,” खळी म्हणाली. “मला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळालाय. पण मी जाईन असं वाटत नाही.”

“का गं?”

“घरी आम्ही दोघीच. व्हिडिओवर बोलायचं तर आईचा एक हात फोन धरण्यात जातो. उरलेल्या हाताने अर्धंच बोलणं होतं. सगळं कळतच नाही मला. मग हिच्याशी नीट बोलणार कोण?”

आईने हात उडवले. खळी हसली. “ती म्हणतेय, आजवर मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. या फोनने हात धरून बसवलं.”

मालक गल्ल्यावरून म्हणाले, “अहो, त्यात काय? स्टँड घ्या. फोन ठेवा, बोला.”

“आहे ना, काका. शिलाई मशीनवर ठेवलं की मशीनच्या धक्क्याने फोन नाचत नाचत खाली उडी मारतो. आणि आई दिवसभर मापं घ्यायला, कपडे पोचवायला हिंडते. स्टँड घरी आणि ही बसथांब्यावर!”

आईने लेकीला गप्प केले आणि स्वतःच हाताने दाखवले: जा तू. खळीने मान हलवली. आईने पुन्हा दाखवले. खळीने पुन्हा हलवली. त्यांचे भांडण चांगले रंगले होते, आणि आवाज मात्र फक्त बांगड्यांचा.

तेवढ्यात ताईची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले, अर्धे मिटले आणि टेबलावर ठेवले. खालचा भाग आडवा, वरचा उभा. कुणाच्या आधाराशिवाय मी ताठ बसलो.

“तू रस्त्यापलीकडे जा आणि तुझ्या फोनवरून दुकानाच्या खात्यावर व्हिडिओ कॉल लाव. याला नंबर नाही, पण दुकानाचं वायफाय आहे.”

खळी गेली. आणि मित्रांनो, मी वाजलो! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पडद्यावर कुणीतरी माझी वाट बघत होते. ताईने कॉल घेतला आणि आईला माझ्यासमोर उभे केले.

आईला उमगले, की आपल्या हातात काहीच धरलेले नाही. तिचे दोन्ही हात उठले. कशी सांगू ती बोली! बोटे छातीला लागून परत येत, मुठी उघडत, तळवे उलटत, दोन पाखरे भांडून पुन्हा एका फांदीवर बसावीत तसे हात एकमेकांत मिळत. पलीकडच्या फुटपाथवर खळी आधी हसली, मग तिने बाहीने डोळे पुसले.

ती परत आली तेव्हा मालकांना राहवेना. “काय म्हणाल्या गं एवढं?”

“म्हणाली, सगळं दिसलं ना? मग आता तुझं न जायचं कारण संपलं. घरी चल आणि बॅग भर.”

नवा घडीचा फोन त्यांच्या आवाक्यातला नव्हता. आईने सरळ माझ्याकडे बोट केले.

“छे छे, वहिनी,” मालक गडबडले. “तो दाखवायचा. शेकडो लोकांनी उघडझाप करून पाहिलाय. रेघ पडलीय बघा.”

खळीने ते हातांनी सांगितले. आईने उत्तर दिले आणि खळी खुदकन हसली. “ती म्हणतेय, म्हणूनच हवा. इतक्या जणांनी मोडून पाहिला आणि मोडला नाही, तोच खात्रीचा.”

मालक हसले आणि मला स्वस्तात द्यायला तयार झाले. ताईने माझी वायर सोडवली.

आता माझ्यात सिमकार्ड आहे आणि मी शिवणाच्या खोलीत राहतो. खळी शिकायला गेली आहे. तिचा फोन आला की मी माझा दिवा लुकलुकवतो. आई मला कापडाच्या मऊ तुकड्याने पुसते, कारण घडीने मी थकत नाही, पण सुतांची धूळ बिजागरीत शिरली तर मात्र अंग धरते.

म्हणून मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, नखांपासून जपा, पण वापरायला भिऊ नका. नवी वस्तू हाती घेताना ती मोडेल का, हे जरूर विचारा. मात्र तुमचे कुठले अडलेले काम ती सोडवेल, हेही विचारा. आणि घरातल्या कुणाचे बोलणे अर्धेच तुमच्यापर्यंत पोचत असेल, तर त्यांच्यासाठी आधी बघा.

बरे, थांबतो. माझा दिवा लुकलुकू लागला आहे आणि आईने कात्री खाली ठेवली आहे. एकदा तिचे हात सुरू झाले, की मध्ये बोलायची कुणाची टाप नाही.