सोजरबाईच्या पापण्या

पुण्याजवळचं खराडी तेव्हा गावच होतं. बाजाराच्या दिवशी सकाळी मैना आईला उन्हात उंबऱ्यावर बसवायची आणि काटा काढायच्या चिमट्यानं तिच्या पापण्यांचे केस उपटायची. खुपऱ्यांनी, म्हणजे पापणीच्या जुन्या संसर्गानं, सोजरबाईच्या पापण्या आत वळल्या होत्या, केस बुबुळावर घासायचे. उपटलेला केस पुन्हा यायचा, आणखीच राठ. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पापणीचं ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल."

"आधी पोरीचं लगीन," मैनाचा बाप संपत म्हणाला. "डोळ्याला पट्टी बांधल्याली आय बघून सोयरीक कोण करंल? आंधळ्यांचं घराणं म्हनतील." भावकीनंही माना डोलावल्या. वा रे शहाण्यांनो! डोळे बाईचे जायचे आणि काळजी तुम्हाला मांडवाची!

पाहुणे मैनाला बघायला आले त्या दिवशी संपतनं सोजरबाईला चुलीपुढं बसवून दार लोटून घेतलं. धुरानं तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तरी ती बिचारी चाचपडत पोहे परतत होती.

"पोरीची आय दिसना कुठं?" मुलाच्या आत्यानं विचारलं.

"माहेरी गेलीया," संपत बेधडक म्हणाला.

मैनानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"खोटं हाय. आय आत धुरात बसलीया. तिच्या पापन्यांचं केस मी उपटते. मी नांदाया गेल्यावर कोन उपटंल?"

"गप बस, कार्टे!"

"आत्याबाई, तिचं आपरेशन झाल्याबिगर मी बोहल्यावर चढायची न्हाई. पसंत आसंल तर थांबा. न्हाईतर पोहे खाऊन जावा."

पाहुणे पोहे न खाताच उठले. संपत अंगणभर थयथयाट करत राहिला, "तोंडाला काळं फासलंस!" मैनानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आईचा हात धरून ती तडक पुण्याच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी दोन्ही पापण्या तपासल्या आणि ते चिडलेच. "उजवा डोळा वाचेल. डाव्याचं बुबुळ पांढरं पडलंय. आता ऑपरेशननं टोचणं थांबेल, पण त्या डोळ्यानं दिसणार नाही. अहो, तेव्हाच का नाही आलात?"

मैना रडू लागली. सोजरबाईनं पदरानं डोळे टिपले. नवऱ्याचं नाव घेतलं नाही, तक्रार केली नाही.

"घरात कार्य व्हतं, सायेब," एवढंच म्हणाली.

वाचकहो, तुमच्याही घरात कुणी बाई डोळे चोळत काम करत असेल. तिला आज दवाखान्यात नेणार, की तुमच्याकडेही कार्य आहे?