न पुसलेले ठिपके

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका गोदामात टायरांच्या थप्पीशेजारी पडून आहे. दुपारी पत्रा तापला की माझे अंगही तापते. याची मला अजून सवय झालेली नाही, कारण माझे सारे कामाचे आयुष्य द्रव हेलियमच्या थंडीत गेले.

दूरदेशीच्या कारखान्यात मला घडवले. लांबच लांब तार गुंडाळून ती हेलियमात बुडवली आणि तिच्यात एकदाच वीज सोडली. तेवढ्या थंडीत ती वीज अडत नाही. फिरतच राहते. मग मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत आलो. मी एमआरआय यंत्राचा चुंबक होतो, पण माणसांच्या नव्हे. माझा बोगदा उंदीर मावेल एवढाच होता.

माझ्यावर काम करत त्या वैभवी मॅडम. कर्करोगाच्या पेशींना त्या आधी लोखंडाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घालत आणि मग त्या पेशी उंदरांच्या रक्तातून मेंदूत सोडत. लोखंड असेल तिथे माझ्या चित्रात काळा ठिपका उमटे. पेशी दुभंगली की लोखंड दोघींत वाटले जाई. भराभर वाढणाऱ्या पेशींचे ठिपके त्यामुळे पुसट होत आणि नाहीसे होत. ज्या पेशी वाढतच नसत, नुसत्या दबून बसत, त्यांचे ठिपके मात्र काळेच राहत.

एका नव्या औषधाने उंदरांच्या गाठी विरघळल्या. संस्थेत संत्राबर्फी वाटली गेली, माझ्यासोबत फोटो निघाले. मॅडम फोटोत नव्हत्या. त्या पडद्यावरचे ठिपके पाहत बसल्या होत्या. ते तसेच होते. वरिष्ठ म्हणाले, मेलेल्या पेशींचे लोखंड मागे उरले असेल. मॅडम म्हणाल्या, असेलही. पण जिवंत असतील तर एखाद दिवशी उठतील. तेच उंदीर पुन्हा पुन्हा पाहत राहण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

उंदरांना दाणापाणी देणाऱ्या मायाताई हे ऐकत होत्या. त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे उपचार नुकतेच संपले होते. डॉक्टरांनी सगळे साफ आहे असे सांगितले होते.

त्यांनी विचारले, "मॅडम, माह्यात बी असे ठिपके असतीन का?"

मॅडमनी लपवले नाही. हे लोखंड पेशींना आधीच द्यावे लागते, म्हणून माणसात असे पाहता येत नाही, असे त्यांनी सांगितले. "पण उंदरांत या पेशी उठतात का, कधी उठतात, हे तरी कळेल."

"मंग पाहा मॅडम. मी उंदरं सांभाळतो."

त्या दिवसापासून पिंजरे अधिकच स्वच्छ राहू लागले.

मे महिन्यात मॅडमच्या आईची शस्त्रक्रिया होती, त्या पुण्याला गेल्या. संस्थेला सुटी लागली. व्यवस्थापक भैयाजी भला माणूस. उन्हाळ्यात शॉर्टसर्किटची भीती म्हणून सुटीआधी ते स्वतः फिरून सगळे स्विच बंद करत. माझ्या मागच्या खोलीत मला गार ठेवणारे यंत्र सतत टकटक करत असे. तिथे येऊन भैयाजी थबकले.

"मायाबाई, मशीनवर काम तं बंद हाय. मंग हे काहून चालू ठेवलं?"

"मॅडमले फोन लावून पाहा ना, भैयाजी."

"त्या दवाखान्यात असतीन, काहून तरास द्यायचा? आन् त्याच तं सांगत होत्या पाहुण्यांले, चुंबकाले वीज लागत नाही म्हणून."

खरेच सांगत होत्या. चुंबकाला वीज लागत नाही. त्याच्या थंडीला लागते. हे दुसरे वाक्य पाहुण्यांसमोर कुणी बोलले नव्हते.

भैयाजींनी स्विच बंद केला आणि टकटक थांबली. मायाताई रोज उंदरांना पाणी द्यायला येत, आणि ती शांतता त्यांना बरी वाटे. आतल्या आत माझा हेलियम उकळून छतावरच्या नळीतून जात होता. शेवटी तार तापली, फिरणारी वीज अडली, आणि उरलेला सगळा हेलियम एकदम गर्जत बाहेर पडला. माझे चुंबकत्व गेले.

माझ्यात पुन्हा महागडा हेलियम भरण्याची मंजुरी येईना. उंदरांचे आयुष्य तेवढे थांबणारे नव्हते. शेवटी मॅडमनी त्यांचे मेंदू कापून पाहिले. काहींत नवी गाठ होती. पण ती त्या काळ्या ठिपक्यातूनच वाढली का, हे कापलेल्या मेंदूवरून सांगता येईना. त्यासाठी ठिपका उठताना पाहायला हवा होता.

पुढच्या वर्षी मायाताईंचे दुखणे परत आले, यकृतात. मला गोदामात हलवायचे होते त्या दिवशी त्या भेटायला आल्या. ओढणीने माझ्यावरची धूळ पुसत त्यांनी मॅडमना विचारले, "माह्यातले कधी उठले असतीन?"

"माहीत नाही, मायाताई."

"हं."

मी चालू असतो तर त्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. ते खरे नाही. त्यांना फक्त एक उत्तर हवे होते. ते न मिळताच त्या दिवाळीआधी गेल्या.

मित्रांनो, एखादी गोष्ट निपचित दिसली म्हणून ती थांबली आहे, तिला काही लागत नाही, असे धरून चालू नका. स्विचला हात लावण्याआधी विचारा. कुणाला त्रास झाला तरी विचारा.

इथे गोदामात उंदीर पुष्कळ आहेत. एखादा माझ्या बोगद्यात येऊन झोपतो. तो अगदी मधोमध असतो, पूर्वी ठेवत तिथेच. मी त्याच्याकडे पाहतो, आणि मला काही दिसत नाही.