पंख्यांचा आवाज

‘सर, मैत्रेयीचे एकवीस दिवस तुम्ही मारलेत.’

एवढं टाइप करून शुभदा थांबली. शेजारी संचालकांकडून सहीसाठी आलेला कागद पडला होता: ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे गणन खंडित झाले.’ ऑपरेटर म्हणजे तीच. पाचपर्यंत सही केली नाही, तर नोकरी गेली.

चामराजपेटेतली शुभदा बी.कॉम. संस्थेचा सर्व्हर चालवायला ती चुकतमाकत स्वतःच शिकली, आणि नऊ वर्षं तीन विद्यापीठांचे संशोधक त्या एका यंत्रावर मिळून काम करत आले. संचालकांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना फीत कापता येत असे, आणि तीन अंगठ्यांच्या हातानं ती ते फार सुरेख कापत.

क्षयाच्या जंतूंवरचं मैत्रेयीचं गणित यंत्रावर एकवीस दिवस अखंड चालू होतं, आणखी दोन दिवसांत सुटणार होतं. त्यावर तिचा प्रबंध अडला होता. मध्येच आली दसऱ्याची आयुधपूजा. दरवर्षी महांतेश इलेक्ट्रिशियन चालू यंत्रालाच कुंकू लावायचा, शेवंतीची माळ घालायचा, दाराशी कोहळा फोडायचा. देवानं कधी तक्रार केली नाही. यंदा मात्र संचालकांना यंत्रासमोर उभं राहून भाषण करायचं होतं, व्हिडिओसाठी.

महांतेशनं तिला घरी फोन लावला. ‘अक्का, बंद कर म्हणतायत. पंख्यांचा आवाज येतो म्हणे भाषणात.’

‘हात लावू नका अण्णा. फोन त्यांना द्या.’

बंद केलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं तिनं संचालकांना सांगितलं. अर्धवट काम साठवायला डिस्क द्या म्हणून तिनं तीनदा अर्ज केला होता; तिन्हींवर त्यांचाच शेरा होता, ‘निकड नाही’. ते हसले. आपल्या घरचा कॉम्प्युटर रोज बंद होतो, त्याला काही होत नाही, म्हणाले. मग आवाज चढवून, ‘बटण दाबायला कुणाची परवानगी लागते हो? बी.कॉम.वाल्यांची?’

आणि बटण दाबलं. भाषणाचा विषय होता, संशोधनातलं सहकार्य.

आज सकाळी मैत्रेयी आली. नागपूरहून एकटी इथं आलेली पोरगी. चूक एकट्या ऑपरेटरची नव्हे, संस्थेची ठरली तरच तिला प्रबंधासाठी मुदतवाढ मिळणार होती. तरी म्हणाली, ‘ताई, सही करून टाका. तुमची नोकरी तरी राहू दे.’

हे ऐकल्यावर शुभदाला सही करणं शक्यच नव्हतं.

भाषणाचा व्हिडिओ संस्थेनंच मोठ्या कौतुकानं सगळ्यांना पाठवला होता. सुरुवात कापायची अक्कल कुणाला झाली नव्हती. पहिले काही क्षण पंख्यांची घरघर ऐकू येते, मग तीन अंगठ्या घातलेला एक हात पुढे येतो, आणि सगळं गप्प होतं.

शुभदानं पत्राला तो व्हिडिओ आणि तिन्ही अर्ज जोडले. संचालकांच्या नावाखाली तिन्ही विद्यापीठांतल्या प्रत्येक संशोधकाचा पत्ता घातला. सही न केलेला कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि शेवटच्या ओळी लिहिल्या:

‘बटणावरचा हात कुणाचा आहे, सर? पाचच्या आत सांगा. उत्तर मला एकटीला नको, या सगळ्यांना द्या.’